दहा नावांची भिशी आणि रँडमची झडती

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत दहा बायकांची भिशी चालते. बहुतेक घरं मागवाल्यांची, त्यामुळं पॉवरलूमच्या खडखडाटावर आवाज चढवूनच बोलायची सगळ्यांना सवय. महिन्याला दोन हजार, दहा महिने, आणि कुणाचा नंबर कितवा हे फेरीच्या सुरुवातीलाच एकदम ठरतं. पूर्वी चिठ्ठ्या डब्यात घालून एखाद्या पोराकडून काढून घ्यायच्या. माझं डीटीपीचं दुकान, मागच्या खोलीत थोडीफार सॉफ्टवेअरची कामं, म्हणून मीच हौसेनं एक वेबपान करून दिलं. नावं भरा, बटण दाबा, क्रम तयार.

तीन फेऱ्यांचे नंबर निघाल्यावर त्या दहांतली अक्का दुकानात आली. तिचे नंबर आले होते दहावा, दहावा आणि नववा. भिशीत शेवटचा नंबर म्हणजे आपला पैसा आधी नऊ जणींच्या कामाला.

"तम्मा, तुझं मशीन माझ्यावर रुसलंय काय? का माझं नाव कन्नडात लिवलंय म्हणून?"

दहा जणींत तिघी घरात कन्नड बोलणाऱ्या. घरात त्या चीटी म्हणतात, गल्लीत आल्या की भिशी. त्यांनी आपापल्या मोबाईलवरून नावं कन्नड अक्षरांत पाठवलेली, मी तशीच चिकटवलेली. बेळगावात असला प्रश्न हसण्यावारी न्यायचा नसतो. दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं वर नि कुठली खाली यावरून इथं काय काय होतं हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. तरी मी म्हटलं, "नशीब ओ अक्का, मशीनला काय कळतंय भाषा." ती गेली, पण ते वाक्य माझ्याच घशात अडकलं. त्या रात्री शटर ओढून आत बसलो. रँडम नंबर तपासायचा कसा हे मी त्या रात्रीपासून पुढं शिकलो, ते इथं लिहितोय.

सगळ्यात आधी प्रश्न नेमका करून घ्या. एका ठरावीक बाईला तीनही वेळा शेवटच्या दोनांतला नंबर येण्याची शक्यता किती? दर वेळी दहात दोन, म्हणजे हजारात ८. ऐकायला भयंकर वाटतं. पण भिशीत बायका दहा आहेत, आणि अक्काच्या जागी दुसरी कुणी असती तर तीच तक्रार घेऊन आली असती. दहांतल्या कुणाला तरी असं होण्याची शक्यता शंभरात ८ च्या आसपास जाते, म्हणजे अगदीच अघटित नव्हे. निकाल बघून शंका घेतली की असं होतं: शंका खरी असेल, पण त्याच निकालावर ती सिद्ध होत नाही. शंका कागदावर लिहा ("यादीतलं शेवटचं नाव शेवटीच राहतंय काय?"), किती वेळा चालवणार आणि कुठल्या मर्यादेला दोष मानणार हे आधीच ठरवा, आणि मग ताजे आकडे काढा.

मोजायचं कसं ते आता. हत्यार एकच, काय-स्क्वेअर, म्हणजे आकडे अपेक्षेपासून एकूण किती हटले याचं माप, आणि ते हातानं करता येतं. समजा लायब्ररीकडून, म्हणजे भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडकडून, ० ते ९ मधले १,००० आकडे मागवले. प्रत्येक आकडा १०० वेळा यावा ही अपेक्षा. प्रत्यक्षात आले असे: १०८, ९३, ९७, ११२, १०१, ८८, १०४, ९९, ९५, १०३. प्रत्येकाचा शंभरापासूनचा फरक घ्या, त्याचा वर्ग करा, शंभरानं भागा, सगळं मिळवा. वर्गांची बेरीज ४६२, म्हणून उत्तर ४.६२. दहा खाने असले की मोकळीक (डिग्रीज ऑफ फ्रीडम, खान्यांपेक्षा एक कमी) नऊची, आणि नऊच्या मोकळिकीला प्रामाणिक आकड्यांचं उत्तर शंभरातल्या ९८ वेळा २.०९ ते २१.६७ च्या दरम्यान पडतं. ४.६२ ठीक आहे. प्रत्येक खान्यात अपेक्षा निदान पाचाची हवी, नाहीतर या मर्यादांचं कोष्टक लागू पडत नाही.

खालची मर्यादा लोक विसरतात. सगळे आकडे बरोब्बर शंभर-शंभर आले तर उत्तर शून्य, आणि नवखा खूश होतो. पण फासे इतके शहाण्यासारखे वागत नसतात. ०, १, २ … ९ असं ओळीनं मोजत जाणारं यंत्रही शून्यच देईल, आणि त्यात रँडम काही नाही. फार नीटनेटका हिशोब आला की मुनिमावर संशय घ्यावा, तसं हे.

आता माझं पान. दहा नावं, १०,००० वेळा बटण, दर वेळी शेवटच्या जागी कोण आलं त्याची मोजणी. प्रत्येकीला हजार यायला हवेत. अक्काला पाच हजारांच्या आसपास. तिच्या वरच्या नावाला अडीच हजार, त्याच्या वरच्याला साडेबाराशे, आणि असं निम्मं निम्मं होत यादीच्या डोक्यावरच्या दोघींना वीस-वीस. काय-स्क्वेअर तेवीस हजारांच्या पुढं. मर्यादा २१.६७, हे लक्षात असू द्या. इथं कोष्टक बघायचीही गरज नव्हती.

दोष लायब्ररीच्या आकड्यांत नव्हता, माझ्या एका ओळीत होता. क्रम विस्कटायला मी सॉर्ट, म्हणजे यादी क्रमानं लावायचं तयार फंक्शन, वापरला होता आणि तुलना करणाऱ्या फंक्शनमध्ये 'मॅथ-रँडम वजा अर्धा' परत केलं होतं (मॅथ-रँडम म्हणजे ब्राउझरचं ० ते १ मधला रँडम आकडा देणारं फंक्शन). ही युक्ती इतक्या ठिकाणी चिकटवलेली दिसते की ती चूक आहे असं मनातच येत नाही. भिशीसाठी वापरायचो त्या जुन्या मोबाईलचा ब्राउझर लहान यादीला साधा इन्सर्शन सॉर्ट लावायचा. त्यात शेवटचं नाव उचलून वरच्या नावाशी ताडून बघतात आणि नाणं उडवल्यासारखं ठरतं: निम्म्या वेळा तिथंच थांबा. म्हणजे शेवटची बाई अर्ध्या वेळा शेवटचीच.

आणि अक्का शेवटची का? कारण विस्कटण्याआधी मी यादी नावानुसार लावून घेत होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकानं प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांत, देवनागरीचे क्रमांक आधी येतात, कन्नडचे बरेच नंतर. त्यामुळं सात मराठी अक्षरांतली नावं वर, तीन कन्नड अक्षरांतली खाली, आणि त्यांतही अक्काचं नाव 'स' वरून, म्हणजे तळाला. अर्धा अधिक पाव अधिक अष्टमांश: दहावा नंबर या तिघींपैकी एकीला जाण्याची शक्यता शंभरात साडेसत्त्याऐंशी, जिथं तीस हवी होती. मी दिवसभर दोन्ही लिप्यांत लग्नपत्रिका टाइप करणारा माणूस, आणि माझंच मशीन भाषा बघून नंबर देत होतं. अक्काचं निदान अक्षरशः बरोबर होतं.

एवढ्यावर समाधान एकच: ही चूक मोठ्यांनीही केलीय. २०१० मध्ये युरोपात मायक्रोसॉफ्टनं ब्राउझर निवडायचं पान दिलं, त्यात ब्राउझरांची नावं रँडम क्रमानं दिसायला हवी होती. तिथंही सॉर्टमध्ये रँडम तुलना घातलेली निघाली.

क्रम विस्कटायची खरी पद्धत फिशर-येट्स, संगणकावरचा तिचा सुटसुटीत अवतार डर्स्टेनफेल्डनं १९६४ मध्ये दिला. तळापासून सुरू करा. त्या जागेसाठी, ती जागा धरून वरच्या सगळ्यांतून एक नाव निवडा, अदलाबदल करा, ती जागा पक्की, एक पायरी वर. यात 'वरच्या सगळ्यांतून' हे शब्द महत्त्वाचे. दर वेळी पूर्ण यादीतून निवडलं तर पुन्हा घोटाळा. याची चाचणी सगळ्यात स्वस्त आहे, म्हणून जिथं क्रम विस्कटता तिथं ही तरी कराच: तीनच नावं घ्या, ६,००० वेळा चालवा, सहा क्रम मोजा. प्रत्येक हजाराच्या आसपास यावा. पूर्ण यादीतून निवडण्याच्या चुकीत वाटा होतात २७, आणि २७ ला ६ नं भाग जात नाही. तीन क्रमांना चार-चार वाटा, तिघांना पाच-पाच. मग ८८९ आणि ११११ असे गट पडलेले डोळ्यांनाच दिसतात. काय-स्क्वेअर ७४ च्या घरात जातो, पाचाच्या मोकळिकीला वरची मर्यादा १५.०९.

पुढचा गुन्हेगार भागाकाराची बाकी. एका मंडळाच्या देणगी कुपनांचा ड्रॉ मी असाच बघितला: कुपनं ० ते ९,९९९, सी मधल्या रँड फंक्शनचा आकडा, त्याला दहा हजारानं भागून उरेल ती बाकी. त्या कंपायलरमध्ये रँड ० ते ३२,७६७ एवढंच देतं. ३२,७६८ आकडे दहा हजार खुंट्यांवर टांगायचे तर ० ते २,७६७ या कुपनांना चार-चार आकडे, बाकीच्यांना तीन-तीन. लवकर कुपन घेणाऱ्याला संधी सव्वापटीहून जास्त, नेमकं चार विरुद्ध तीन. उपाय सोपा: ३०,००० आणि त्यावरचा आकडा आला तर टाकून द्या, नवा घ्या. हल्लीच्या लायब्ऱ्यांत 'या मर्यादेतला पूर्णांक दे' असं सांगणारं तयार फंक्शन असतं, ते हेच करतं. आपण मध्ये हात घालू नये.

बीजाचं, म्हणजे सीडचं, थोडक्यात: रँडम आकड्यांची माळ ज्या आकड्यापासून सुरू होते तो. घड्याळातल्या सेकंदावरून बीज घेतलं तर दिवसात ८६,४०० च शक्यता. दहा नावांचे क्रम होतात ३६,२८,८००. म्हणजे बहुतेक क्रम त्या दिवशी येऊच शकत नाहीत, आणि एकाच सेकंदाला उघडलेले दोन मोबाईल एकच निकाल देतात. हे कुठल्याही मोजणीत सापडणार नाही, कारण मोजणी एका बीजाच्या पुढं चालते. त्यासाठी हजार वेगवेगळ्या, लागोपाठच्या बीजांचा फक्त पहिला आकडा घ्या आणि त्या हजारावर काय-स्क्वेअर लावा. शेजारच्या बीजांचे पहिले आकडे एकमेकांची नक्कल करत असतील तर लगेच कळतं.

इथवर आपल्या हातच्या चुका झाल्या. आता लायब्ररीचीच झडती. एकेक आकडा मोजून भागत नाही, जोड्या मोजा. ० ते ९ चे आकडे दोन-दोन करून शंभर खाने होतात. १०,००० जोड्या घेतल्या तर प्रत्येक खान्यात शंभर. नव्व्याण्णवच्या मोकळिकीला उत्तर साधारण ६९ ते १३५ मध्ये हवं. मघाचं ओळीनं मोजणारं यंत्र इथं साफ पकडलं जातं, कारण त्याच्याकडं ०-१, २-३ अशा पाचच जोड्या. मग आकड्याचे खालचे बिट वेगळे काढून तपासा. गुणून-मिळवून पुढचा आकडा काढणाऱ्या जुन्या पद्धतीत, ज्या आकड्यानं भागून बाकी घेतात तो दोनाचा घात असेल तर, सगळ्यात खालचा बिट सम-विषम-सम-विषम असा नाचतो. वरून बघितलं तर आकडा छान दिसतो.

तिनांचे गट घेतले की जुनी लबाडी उघडी पडते. आयबीएमच्या यंत्रांवर साठच्या दशकात रँडू नावाचा जनरेटर, म्हणजे रँडम आकडे बनवणारं सूत्र, सर्रास वापरात होता: आधीचा आकडा गुणिले ६५,५३९, आणि २ च्या ३१ व्या घाताच्या वरचं कापून टाकायचं. त्याचा कुठलाही आकडा म्हणजे आदल्याची सहापट वजा त्याच्या आदल्याची नऊपट, कापाकापी सोडून. त्यामुळं लागोपाठचे तीन आकडे लांबी-रुंदी-उंची धरून ठिपके मारले तर सगळे ठिपके फक्त १५ सपाट पत्र्यांवर बसतात, मधली जागा रिकामी. जॉर्ज मार्साग्लियानं १९६८ मध्ये दाखवून दिलं की या पद्धतीचे सगळेच जनरेटर असे पत्र्यांवर बसतात, फक्त पत्रे किती दाट हा प्रश्न. घरी करून बघा, दहा मिनिटांचं काम. ठोकळा फिरवत राहा. एका कोनात आल्यावर धुक्याचे अचानक ताणे दिसायला लागतात. मला मागाच्या ताण्याचीच आठवण झाली.

यापुढच्या चाचण्या हातानं होत नाहीत, तयार संच वापरायचे. मार्साग्लियाचा डायहार्ड १९९५ चा. त्यापुढचे डायहार्डर, प्रॅक्टरँड, आणि लेक्युए व सिमार यांनी २००७ मध्ये मांडलेला टेस्टयू०१. त्यात स्मॉलक्रश दहा चाचण्यांचा, लगेच उरकतो. बिगक्रश १०६ चाचण्यांचा, त्याला रात्रभर लावून झोपावं. टेस्टयू०१ वरच्या बिटांकडं जास्त बघतो, म्हणून तेच आकडे बिट उलटे करून पुन्हा एकदा द्यावेत. वापरायला मला प्रॅक्टरँड बरा वाटतो: बाइटांची धार त्याच्या तोंडात सोडायची, तो दर दुपटीला अहवाल देतो, खोट असेल तर लवकर ओरडतो.

पण धार सोडण्यात माझा पाय घसरला ते सांगतो. सी-प्लस-प्लसच्या लायब्ररीतल्या मर्सेन ट्विस्टरचे आकडे विंडोजवर पाईपनं दिले. पहिल्याच अहवालात सगळीकडं दोष. एवढा नावाजलेला जनरेटर पहिल्या घासाला पडतो म्हणजे मी काहीतरी मोठं शोधलं, या आनंदात चहा सांगितला. चहा येईपर्यंत सहज २५६ बाइटांची साधी मोजणी केली. २५५ बाइट बरोबरीनं, फक्त १३ क्रमांकाचा बाइट दुप्पट. विंडोजची टेक्स्ट पद्धत! १० क्रमांकाचा बाइट, म्हणजे नवी ओळ, दिसला की ती त्याच्या आधी स्वतःहून १३ घुसडते. आउटपुट बायनरी केल्यावर सगळा आरडाओरडा बंद. तेव्हापासून मोठा संच लावण्याआधी साधी मोजणी करतोच.

अशाच आणखी दोन खोड्या. मॅथ-रँडमचा दशांश आकडा त्याच्या कच्च्या बाइटांसकट देऊ नका, घातांकाचे बिट जवळपास एकसारखेच असतात आणि चाचणी पडते. ४,२९,४९,६७,२९६ नं गुणून पूर्णांक घ्या, ३२ बिट मिळतील. आणि डायहार्डरला छोटी फाईल देऊ नका. फाईल संपली की तो पुन्हा सुरुवातीपासून वाचतो, आणि आपणच दिलेली पुनरावृत्ती आपल्याला दोष म्हणून दाखवतो.

अहवाल वाचताना घाबरायचं कशाला आणि कशाला नाही? पी-व्हॅल्यू म्हणजे निर्दोष जनरेटरलाही निव्वळ योगायोगानं इतका वाईट निकाल येण्याची शक्यता; ती ०.०३ आली तर काही झालेलं नाही. पाच टक्क्यांच्या मर्यादेनं वीस स्वतंत्र चाचण्या लावल्या तर निर्दोष जनरेटरही निदान एका चाचणीत अडकण्याची शक्यता ६४ टक्के. संशय वाटला तर दुसऱ्या बीजानं, दुप्पट आकड्यांवर तीच चाचणी. खरी खोट असेल तर पी-व्हॅल्यू दशांशानंतर दहा-पंधरा शून्यांपर्यंत कोसळते. योगायोग असेल तर पुन्हा माणसात येते. उलट बाजूनं, सगळ्या चाचण्या पास झाल्या म्हणजे एवढंच की या चाचण्यांना काही सापडलं नाही.

आजच्या लायब्ऱ्यांची अवस्था बरी आहे. क्रोममधलं मॅथ-रँडम पूर्वी कच्चं होतं, २०१५ च्या अखेरीस क्रोमच्या व्ही-एट इंजिनानं एक्सॉरशिफ्ट१२८प्लस नावाचा जनरेटर घेतला. पायथॉनचं रँडम मर्सेन ट्विस्टरवर चालतं. बिगक्रशमधल्या रेषीय गुंतागुंतीच्या चाचणीत तो पडतो, पण भिशीला त्यानं काही बिघडत नाही. नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीनं २०१९ पासून नव्या कामाला पीसीजी६४ हा जनरेटर दिलाय. जावाचा जुना रँडम वर्ग ४८ बिटांचा, त्यावर मोठं सिम्युलेशन मी तरी करणार नाही.

पैशाचा ड्रॉ असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मर्सेन ट्विस्टरचे लागोपाठचे ६२४ आकडे कुणी टिपले तर पुढचे सगळे तो आधीच सांगू शकतो, आणि हा दोष मोजणीच्या कुठल्याच चाचणीत दिसत नाही. तिथं ऑपरेटिंग सिस्टिमकडून येणारा रँडम घ्या: पायथॉनमध्ये सिक्रेट्स, जावात सिक्युअररँडम, ब्राउझरमध्ये क्रिप्टोचं गेट-रँडम-व्हॅल्यूज. मीही पान तसंच बदललं, डर्स्टेनफेल्ड लावला, यादी नावानुसार लावणं काढून टाकलं, आणि १०,००० वेळा चालवून दहाही खाने हजाराच्या आसपास आल्याचा कागद प्रिंट काढून अक्काला नेऊन दिला. झालेली चूकही सांगितली, लिपीसकट. तिनं कागद चष्मा लावून वाचला, बाकीच्या दोघींनाही बोलावून दाखवला. मला त्या रात्री जेवायला ठेवून घेतलं, एवढं सांगतो.

चौथ्या फेरीचा ड्रॉ सगळ्यांसमोर केला. अक्काचा नंबर आला नववा.

माग बंद होते, त्यामुळं शांतता जास्तच जाणवली. कुणीतरी म्हणालं, पुन्हा एकदा दाबा की ओ. मी म्हटलं, मनाजोगता येईपर्यंत दाबत राहिलो तर तो कागद फाडून टाका. अक्कानं माझ्याकडं बघितलं, मग मोबाईलकडं. "शंभरातनं धा वेळा येणारच की नववा," ती म्हणाली, आणि वही पुढं ओढून स्वतःच्या हातानं कन्नडात नाव लिहिलं, पुढं ९.